डब्यातली चकती

आमच्या शाळेच्या कार्यालयातला संगणक काही वर्षांपूर्वी जून महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात बंद पडला. आदल्या रात्री वीज गेली, आली, पुन्हा गेली. सकाळी बटण दाबले तर आतला पंखासुद्धा फिरेना. दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिले आणि "मदरबोर्ड गेलाय, आता नवीनच घ्या," असे सांगून तो मोकळा झाला. नवीन संगणक घेता आला असता. पण जुन्यात तीन वर्षांचे निकाल होते. त्याहून मोलाचे म्हणजे, आठवीच्या मुलांनी गावातल्या आज्यांकडून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून आणल्या होत्या, त्याही त्यातच होत्या. त्यांतल्या दोघी आज्या तोवर वारल्या होत्या.

शाळेचा एक माजी विद्यार्थी दाखला न्यायला आला होता. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "सर, मशीन मेलंय. डिस्क कुठं मेलीय?" दुसऱ्या दिवशी तो तालुक्याहून एक ॲल्युमिनियमचा डबा घेऊन आला. बाजारात त्याला 'केसिंग' म्हणतात. चार स्क्रू काढून त्याने बंद संगणकातली हार्डडिस्क बाहेर काढली, डब्यात सरकवली, डब्याला विजेचा अडॅप्टर लावला आणि दुसरी वायर मुख्याध्यापकांच्या लॅपटॉपला जोडली. पाच-सात मिनिटांचे काम.

त्या डब्यात असे होते तरी काय? या प्रश्नाचा माग काढत गेलो तेव्हा लक्षात आले, की हार्डडिस्कचा इतिहास एका अर्थी डब्याचाच इतिहास आहे. माहिती इकडून तिकडे न्यायची तर सोबत काय न्यायचे आणि काय मागे ठेवायचे, याचे उत्तर दर काही वर्षांनी बदलत गेले. आणि या इतिहासाची सुरुवात चक्क एका शाळामास्तरापासून होते.

रेनॉल्ड जॉन्सन हे १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील मिशिगन राज्यात आयर्नवुड या गावी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत. उत्तरपत्रिका तपासण्याचा कंटाळा कोणत्या शिक्षकाला नसतो? जॉन्सन यांनी त्यावर यंत्रच शोधले. शिसपेन्सिलीतले ग्राफाइट विजेचे वाहक असते. मुलाने योग्य जागी पेन्सिलीची खूण केली असेल तर तिथून वीज वाहील आणि यंत्र गुण मोजेल, अशी ही युक्ती. ती सुचण्यामागची गोष्ट त्यांनीच सांगितलेली आहे. लहानपणी बहिणींना भेटायला येणाऱ्या तरुणांच्या मोटारींच्या स्पार्कप्लगवर ते पेन्सिलीच्या रेघा ओढून ठेवत. ठिणगी पडायच्या ऐवजी वीज रेघेवरून निघून जाई आणि मोटार सुरू होत नसे! आयबीएम कंपनीने १९३४ साली जॉन्सन यांना यंत्रासकट आपल्याकडे घेतले.

१९५२ साली कंपनीने त्यांना कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे नवी प्रयोगशाळा सुरू करण्यास पाठवले. त्या काळी माहिती भोके पाडलेल्या कार्डांवर किंवा चुंबकीय फितीवर साठवत. फितीची अडचण आपल्याला कॅसेटमुळे ठाऊक आहे: शेवटचे गाणे हवे असेल तर सगळी फीत गुंडाळत बसा. ग्रामोफोनच्या तबकडीवर मात्र सुई हव्या त्या जागी थेट टेकवता येते. जॉन्सन यांच्या चमूने हीच सोय चुंबकीय चकतीत आणली. चकत्यांवर लोहाच्या ऑक्साइडचा रंग द्यायचा होता. तो गुठळ्या न राहता बसावा म्हणून नायलॉनच्या पायमोज्यातून गाळून फिरत्या चकतीवर कागदी पेल्याने ओतला जाई. मोठे शोध किती घरगुती सामानातून लागतात, हे मुलांना सांगायला हा प्रसंग उत्तम आहे.

सप्टेंबर १९५६ मध्ये 'रॅमॅक' हा संगणक जाहीर झाला. त्याच्या साठवणयंत्रात ६१ सेंटिमीटर व्यासाच्या ५० चकत्या एकावर एक रचलेल्या होत्या आणि त्या मिनिटाला १२०० फेरे घेत. एवढ्यात मावत होती ५० लाख अक्षरे, म्हणजे आजच्या हिशेबात चारेक मेगाबाइट. मोबाइलवर काढलेले एखादे छायाचित्रही आज तेवढी जागा घेते. यंत्राचे वजन एक टनाहून जास्त. ते हलवायला फोर्कलिफ्ट लागे, विमानात चढवायचे तर मालवाहू विमान. 'पोर्टेबल' या शब्दाचा इथे काही संबंधच नव्हता.

सहा वर्षांनी, १९६२ मध्ये, आयबीएमच्या '१३११' या यंत्रात पहिल्यांदा चकत्या बाहेर काढता येऊ लागल्या. ३५ सेंटिमीटर व्यासाच्या सहा चकत्यांचा गठ्ठा, वर प्लॅस्टिकचे झाकण आणि धरायला मूठ. दिसायला थेट केकच्या डब्यासारखा. वजन साडेचार किलोच्या आसपास, साठवण २० लाख अक्षरांची. एका यंत्रावरचा गठ्ठा उचलायचा आणि दुसऱ्यावर चढवायचा.

इथे पहिला निर्णय दिसतो. सोबत फक्त चकत्या न्यायच्या. त्यांवर लिहिणारी-वाचणारी चुंबकीय टोके, म्हणजे 'हेड', यंत्रातच मागे ठेवायची. हेडे महाग असल्याने हे शहाणपणाचेच वाटते. पण त्यातून दोन दुखणी उद्भवली. एका यंत्राच्या हेडाने लिहिलेले दुसऱ्या यंत्राच्या हेडाने वाचायचे तर दोन्हींची जुळणी केसभरही चुकून चालत नसे. दुसरे दुखणे धुळीचे. हेड चकतीला टेकत नाही. चकती फिरताना तिच्याबरोबर हवेचा पातळ थर ओढला जातो आणि हेड त्या थरावर तरंगते. साठवण वाढवायची तर हे अंतर कमी करावे लागते, आणि अंतर कमी झाले की धुळीचा कणही डोंगर ठरतो. दरवेळी झाकण उघडताना खोलीतली धूळ आत जाणारच.

१९७३ च्या '३३४०' या यंत्राने निर्णय फिरवला. आता चकत्या, हेडे आणि हेडांचे दांडे असे सगळे एकाच बंद डब्यात घालून तो डबाच काढायचा-घालायचा. ज्या हेडाने लिहिले तेच वाचणार, त्यामुळे जुळणीचा प्रश्न मिटला. धूळही बाहेर राहिली. हेड आता अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास तरंगू शकत होते. (आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो.) या यंत्राचे टोपणनाव होते 'विंचेस्टर'. सुरुवातीच्या आराखड्यात ३० मेगाबाइटचे दोन भाग होते, आणि 'थर्टी-थर्टी' म्हटले की अमेरिकी माणसाला विंचेस्टर रायफलच आठवते, म्हणून. पुढे कितीतरी वर्षे सगळ्याच हार्डडिस्कना लोक विंचेस्टर म्हणत.

गंमत अशी, की डबा इतका चांगला बंद झाल्यावर तो काढायची गरजच उरली नाही. दोन वर्षांत चकत्या यंत्रात कायमच्या बसवल्या गेल्या. हलवण्यासाठी केलेल्या डब्याने चकतीला एका जागी बांधून टाकले!

मग ती पुन्हा बाहेर कशी आली? घरगुती संगणकांमुळे. १९८० साली सीगेट कंपनीने ५.२५ इंची, ५ मेगाबाइटची हार्डडिस्क विकायला काढली. ॲपल कंपनीच्या संगणकात तिला जागा नव्हती. तेव्हा १९८१ मध्ये ॲपलने ती एका वेगळ्या पेटीत घातली, पेटीत तिचा स्वतःचा वीजपुरवठा आणि नियंत्रक बसवला आणि 'प्रोफाइल' या नावाने बाजारात आणली. किंमत होती ३,४९९ डॉलर. आपल्या शाळेत आलेल्या ॲल्युमिनियमच्या डब्याची ही थोरली आजी म्हणायला हरकत नाही. १९८५ मध्ये ॲपलनेच मॅकिंटॉशसाठी २० मेगाबाइटची अशीच पेटी केली. तिची लांबी-रुंदी अशी, की संगणक थेट तिच्यावर ठेवता यावा. मॅकिंटॉशला हार्डडिस्कसाठी दार नव्हते, म्हणून बिचारी फ्लॉपीच्या दारातून बोलत असे.

'बोलत असे' हे मी मुद्दाम लिहिले. पेटी बाहेर ठेवली की भाषेचा प्रश्न येतो. प्रत्येक कंपनीची वायर वेगळी, खुणा वेगळ्या. यावर पहिला सर्वमान्य तोडगा म्हणजे 'स्कझी' ही पद्धत. ॲलन शुगार्ट यांच्या नावाच्या कंपनीत ती सुरू झाली आणि १९८६ साली अमेरिकी मानक म्हणून मान्य झाली. एका माळेत आठ उपकरणे, प्रत्येकाला ० ते ७ असा हजेरी क्रमांक. दोन उपकरणांना एकच क्रमांक दिला गेला की सगळा गोंधळ. माळेच्या टोकाला 'टर्मिनेटर' नावाचे बूच लावावे लागे, नाहीतर संकेत टोकावर आपटून परत फिरत. दोरीला झटका दिला की लाट दुसऱ्या टोकावरून उलटते, तोच प्रकार. शिवाय हे सगळे संगणक बंद करूनच जोडायचे.

पीसी वापरणाऱ्यांनी दुसरी वाट धरली. १९८६ च्या सुमारास नियंत्रक मंडल हार्डडिस्कच्या अंगावरच बसवले गेले. यालाच आपण 'आयडीई' म्हणून ओळखतो. म्हणजे सोबत न्यायच्या सामानात आता चकती, हेड आणि नियंत्रक, तिन्ही आले. हार्डडिस्क जवळजवळ स्वयंपूर्ण झाली. पण तिच्या चपट्या पट्टीवायरची लांबी ४५ सेंटिमीटरहून जास्त चालत नसे. त्यापुढे संकेत बिघडत. एवढ्या वायरीत हार्डडिस्क कॅबिनेटच्या बाहेर फारशी पडूच शकत नव्हती.

बाहेर पडण्याचे खरे दार उघडले ते जानेवारी १९९६ मध्ये, यूएसबीच्या रूपाने. इंटेल कंपनीत हे काम पुढे नेणाऱ्यांत अजय भट्ट हे प्रमुख होते; त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातले. वायर पाच मीटरपर्यंत चालते, संगणक चालू असताना जोडता-काढता येते, आणि त्याच वायरीतून थोडी वीजही मिळते. अडचण एकच: हार्डडिस्कला यूएसबीची भाषा येत नाही. म्हणून डब्यात एक दुभाष्या बसवावा लागला. डबा उघडला तर पेटीच्या टोकाला बोटाएवढ्या पट्टीवर एक काळी चिप दिसते, तोच हा. त्याला 'ब्रिज' म्हणजे पूल म्हणतात. संगणक यूएसबीतून जो निरोप पाठवतो त्यातल्या आज्ञा मुळात स्कझीच्याच असतात. ती जाड वायर आणि टर्मिनेटर इतिहासजमा झाले, भाषा मात्र टिकली. दुभाष्या त्या आज्ञांचे आयडीईत, आणि २००३ नंतर आलेल्या 'साटा'त, भाषांतर करतो. डब्यात इतके काय होते, या प्रश्नाचे उत्तर असे: एक दुभाष्या, थोडी वीज आणि चार स्क्रू.

विजेचे गणित वर्गात घेण्यासारखे आहे. टेबलावरच्या संगणकातील ३.५ इंची हार्डडिस्कला ५ आणि १२ असे दोन्ही व्होल्ट लागतात. चकती फिरवणारी मोटर १२ वर चालते. यूएसबीत १२ व्होल्ट नसतातच, म्हणून आमच्या डब्याला वेगळा अडॅप्टर लागला. लॅपटॉपमधली २.५ इंची हार्डडिस्क (ही पहिल्यांदा १९८८ साली आली, २० मेगाबाइटची) फक्त ५ व्होल्टवर भागवते. खिशात मावणाऱ्या पोर्टेबल डिस्कच्या आत बहुतेक हीच असते. जुन्या यूएसबीतून मिळत ५ व्होल्ट आणि ५०० मिलिॲम्पिअर, म्हणजे अडीच वॅट. फिरत्या चकतीला तेवढे पुरतात. पण थांबलेली चकती फिरवायला सुरुवातीला त्याच्या दुप्पट वीज लागू शकते. बैलगाडी चालू करताना बैलांना जो जोर लावावा लागतो तो पुढे लागत नाही, तसेच हे. म्हणून काही डब्यांसोबत दोन तोंडांची वायर मिळत असे. एक तोंड माहितीसाठी, दुसरे नुसत्या विजेसाठी. डिस्क लावल्यावर 'टक्... टक्...' आवाज येऊन ती दिसतच नसेल, तर ती मेली असे समजण्याआधी दुसरे दार किंवा आखूड वायर वापरून पाहावी. मात्र आवाज तसाच राहिला तर पुन्हा पुन्हा लावत बसू नये; हेड खराब झाले असेल तर प्रत्येक फेरीत चकती खरवडली जाते.

वेगाची मजा पुढची. सुरुवातीच्या यूएसबीतून सेकंदाला जेमतेम १ मेगाबाइट जाई. १० गिगाबाइट नकलायला पावणेतीन तास. २००० साली आलेल्या यूएसबी २.० मधून हेच काम पाच-सहा मिनिटांत होऊ लागले. २००८ च्या ३.० नंतर तर वायर पुढे आणि चकतीच मागे, अशी स्थिती झाली.

आता पडण्याविषयी. २.५ इंची डिस्कमधील चकती साधारण साडेसहा सेंटिमीटर व्यासाची असते आणि मिनिटाला ५४०० फेरे घेते. कडेचा वेग काढा: ताशी ६५ किलोमीटरच्या पुढे येतो, म्हणजे चांगल्या रस्त्यावरच्या एसटीचा. या वेगाने धावणाऱ्या पृष्ठभागापासून हेड काही नॅनोमीटरवर तरंगत असते. अशी डिस्क ७५ सेंटिमीटर उंचीच्या टेबलावरून पडली तर? मंदन एकसारखे मानले तर सूत्र फार सोपे होते: पडण्याची उंची भागिले थांबण्याचे अंतर, तितके पट गुरुत्वत्वरण. फरशीवर धातूचा डबा १ मिलिमीटरमध्ये थांबला तर ७५० पट. डब्याला रबराचे वेष्टन असून ती ५ मिलिमीटरमध्ये थांबली तर १५० पट. अशा क्षणिक धक्क्यांबाबत उत्पादक सांगतात ती मर्यादा २.५ इंची चालू डिस्कसाठी साधारण ३००-४०० पट आणि बंद डिस्कसाठी १००० पटीच्या आसपास असते. ३.५ इंची चालू डिस्क मात्र ७० पटीतच शरण येते. रबराच्या त्या चार आण्यांच्या पट्टीची किंमत यातून कळते. आणि आमच्या त्या डब्याला काम चालू असताना हात लावायचा नाही, असा दम माजी विद्यार्थ्याने सगळ्यांना का भरला, तेही.

हार्डडिस्कच्या आत निर्वात पोकळी असते, असे पुष्कळांना वाटते. तसे असते तर हेड तरंगले कशावर असते? नेहमीच्या हार्डडिस्कवर गाळणी लावलेले एक बारीक छिद्र असते. त्यातून आतला-बाहेरचा दाब समान राहतो. या छिद्रावर चिकटपट्टी लावू नये. ३,००० मीटरच्या वर हवा इतकी विरळ होते, की बहुतेक उत्पादक तिथे डिस्क चालवण्याची हमी देत नाहीत.

या छिद्राची एक गोष्ट तर जगाने पाहिली. एप्रिल २०१७ मध्ये पृथ्वीवरच्या आठ रेडिओ दुर्बिणींनी मिळून 'एम ८७' या दीर्घिकेच्या केंद्रातील कृष्णविवराचे निरीक्षण केले. जमलेली माहिती पाच पेटाबाइटच्या घरातली, म्हणजे पन्नास लाख गिगाबाइट. ती तारेवरून पाठवणे शक्यच नव्हते. मग ती हार्डडिस्कवर भरली. आठ-आठ डिस्क एका डब्यात. चिलीतील दुर्बिणी पाच हजार मीटरवर आहेत, म्हणून तिथे हेलियम भरून पूर्ण बंद केलेल्या डिस्क वापरल्या. हे डबे विमानाने अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला आणि जर्मनीत बॉनला नेण्यात आले. दक्षिण ध्रुवावरचे डबे मात्र तिथला हिवाळा संपेपर्यंत अडकून पडले. तिथून विमानच सुटत नाही. ते डिसेंबरमध्ये पोहोचले. कृष्णविवराचे चित्र १० एप्रिल २०१९ रोजी जाहीर झाले. प्रकाशाने साडेपाच कोटी वर्षे प्रवास करून आणलेली बातमी शेवटच्या टप्प्यात डब्यातूनच गेली.

डब्याचा उलटा उपयोगही झाला आहे. २०११ साली थायलंडमध्ये महापूर आला, हार्डडिस्कचे कारखाने पाण्यात गेले आणि किमती काही आठवड्यांत भडकल्या. डब्यातल्या तयार डिस्क मात्र दुकानांत तुलनेने स्वस्त राहिल्या. तेव्हा कॅलिफोर्नियातील बॅकब्लेझ या साठवणसेवा देणाऱ्या कंपनीच्या माणसांनी दुकानोदुकानी फिरून त्या गोळा केल्या, डबे फोडले आणि आतल्या डिस्क आपल्या यंत्रांत बसवल्या. माणशी दोनच मिळतील, अशा पाट्या दुकानांनी लावल्या होत्या. आपल्याकडे रेशनच्या रांगेत उभे राहिलेल्यांना हे नवीन वाटू नये.

मात्र काही तयार डब्यांत दुभाष्याच माहितीला कुलूपही घालतो. चिप माहिती सांकेतिक करूनच चकतीवर लिहिते. असा डबा बिघडला आणि आतली डिस्क दुसऱ्या डब्यात घातली, तर चकती ठणठणीत असूनही काही वाचता येत नाही. ही चोरापासून सोय आणि मालकाची गैरसोय एकाच वेळी आहे. कंपन्यांनी हे खोक्यावर ठळक छापायला हवे, असे माझे मत आहे.

आजच्या नव्या संगणकांत चकतीच नसते. गोठवलेल्या विद्युतभारावर चालणारी पट्टी असते. तिच्यासाठीही बाजारात केसिंग मिळते, च्युइंगगमच्या पुडीएवढे. आत पुन्हा दुभाष्या चिप. फरक इतकाच, की ही पट्टी पडण्याला घाबरत नाही. पण वीज न देता वर्षानुवर्षे कपाटात ठेवली तर तिच्यातला भार हळूहळू गळू शकतो.

आमच्या डिस्कमधले निकाल सगळे मिळाले. ओव्यांच्या एकतीस ध्वनिफिती होत्या, त्यांतल्या एकोणतीस उघडल्या. न उघडलेल्या दोन्ही त्या वीज गेली त्या दिवशी चढवल्या होत्या. नक्कल पूर्ण व्हायच्या आतच दिवे गेले असणार. सुदैवाने ज्या मुलीने त्या आणल्या होत्या तिच्या मामाच्या मोबाइलमध्ये मूळ प्रती निघाल्या. आता सगळ्यांच्या दोन नकला आहेत: एक रबराच्या वेष्टनातल्या डब्यात शाळेच्या कपाटात, दुसरी ग्रंथपाल बाईंच्या घरी. दिवाळीच्या सुटीआधी आणि मे महिन्यात दोन्ही डबे लावून सगळे ऐकून पाहायचे काम नववीच्या मुलांकडे आहे. जुनी डिस्क तिच्या ॲल्युमिनियमच्या डब्यातच ठेवली आहे. संगणकाचा तास असला की ती बाहेर काढतो, स्क्रू उघडतो आणि दुभाष्याची चिप मुलांना शोधायला सांगतो.